कोर चक, एअर शाफ्ट आणि झटपट रोलबदल: पेपर वाइंडिंग मशीन चालवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्लिटर-रिवाइंडर, शीटर, कोरुगेशनचा मिल रोल स्टँड, पेपर मिलचा वाइंडर अशा सगळ्या मशीनवर रोल कोरच्या, म्हणजे ज्या नळीवर कागद गुंडाळलेला असतो तिच्या, आतून धरावा लागतो. हे धरणारे साधन किती लवकर सुटते आणि किती लवकर पुन्हा पकडते, यावर शिफ्टमधले बरेच काही ठरते. मात्र खरेदीच्या वेळी चर्चा होते ती फक्त इंचांची आणि किमतीची. टॉर्क (फिरवणारा जोर) किती, ब्रेक कुठे आणि कोर कसला, हे तीन प्रश्न आधी सुटले पाहिजेत. पुढच्या बहुतेक उत्तरांत हेच तीन मुद्दे येतील.

एअर शाफ्ट आणि कोर चक यांत फरक काय?

एअर शाफ्ट कोरच्या एका टोकातून आत जाऊन दुसऱ्या टोकातून बाहेर निघतो. हवा भरली की त्याच्या अंगावरचे लग (छोटे ठोकळे) किंवा पट्ट्या बाहेर येतात आणि कोरला आतून दाबतात. शाफ्टची दोन्ही टोके मशीनवरच्या सेफ्टी चकमध्ये, म्हणजे टोक धरून बंद होणाऱ्या पकडीत, बसतात आणि रोलचे वजन शाफ्ट पेलतो.

कोर चकमध्ये आरपार शाफ्ट नसतो. दोन बाजूंच्या आर्मवर दोन आखूड चक असतात, ते कोरच्या तोंडातून आत शिरून फुगतात. म्हणजे रोलचे वजन कोर स्वतः पेलतो. त्यामुळे चकवर चालवायचा कोर जाड आणि ताठ हवा. शाफ्टवर वर्षानुवर्षे चालत आलेला स्वस्त कोर चकवर गेला की वाकतो, आणि दोष चकला दिला जातो.

मग दोन्हींपैकी काय घ्यावे?

अनवाइंडला, म्हणजे जिथे एकच मोठा रोल सोडायचा आहे तिथे, शक्यतो चक. एकाच वेळी अनेक पट्ट्या गुंडाळायच्या असतील तिथे शाफ्टला पर्याय नाही, कारण मधल्या कोरांपर्यंत चक पोचूच शकत नाही.

माणसांच्या पाठीचाही विचार करा. ७६ मिमी व्यासाची भरीव पोलादी कांब १.५ मीटर लांब असेल तर तिचे वजन सुमारे ५३ किलो भरते. एअर शाफ्ट आतून पोकळ असल्याने त्याहून हलका असतो, तरी तो प्रत्येक रोलबदलाला उपसून पुढच्या रोलमध्ये घालायचा म्हणजे दोन माणसांचे काम. ॲल्युमिनियम किंवा कार्बन फायबर बॉडीचा शाफ्ट घेतला तर वजन बरेच उतरते. पण ॲल्युमिनियमला ठोके सहन होत नाहीत. लगच्या खाचेची कड दबली की लग अडकायला लागतो.

‘क्विक चेंज’मध्ये वेळ नेमका कुठे वाचतो?

हवा भरायला आणि सोडायला काही सेकंदच लागतात. खरा वेळ जातो तो शाफ्ट ओढून काढण्यात, नवा रोल क्रेनने आणून रेषेत धरण्यात, कोरचे दबलेले तोंड ठोकून गोल करण्यात आणि रोल डाव्या-उजव्या बाजूला सरकवून जागेवर आणण्यात.

म्हणून आधी घड्याळ लावून दहा रोलबदल मोजा आणि प्रत्येक टप्प्याचा वेळ वेगळा लिहा. शिगेओ शिंगो यांनी जपानमध्ये प्रेसच्या डाय बदलण्यासाठी जी पद्धत मांडली तिचे मूळ तत्त्व इथेही तसेच लागू पडते: मशीन चालू असताना करता येण्याजोगे काम मशीन थांबल्यावर करायचे नाही. पुढच्या रोलचे आवरण काढणे, कोरचे तोंड तपासणे, आतला चुरा फुंकून काढणे, दुसऱ्या शाफ्टवर कोर चढवून अंतर लावून ठेवणे ही सगळी कामे आधीचा रोल फिरत असतानाच उरकता येतात. आमचे स्पष्ट मत असे की, नवा महागडा चक घेण्याआधी रिवाइंडला, म्हणजे पट्ट्या गुंडाळायच्या बाजूला, एक जादा शाफ्ट घ्यावा. एक मशीनवर, एक बाहेर तयार.

लग, लीफ आणि मल्टी-ट्यूब शाफ्ट यांतला कोणता कशासाठी?

लग टाइपमध्ये बॉडीला खाचा पाडून त्यात सुटे लग बसवलेले असतात. मधोमध एक जाड रबरी ब्लॅडर (हवेने फुगणारी पिशवी) असतो. बांधणी दणकट, दुरुस्ती सोपी आणि जाड पुठ्ठ्याच्या कोरला पकड चांगली. पण दोन लगांच्या मधे मोकळी जागा राहते, म्हणून अगदी अरुंद कोर लगवर नीट न बसता मधल्या जागेत येऊ शकतो.

मल्टी-ट्यूबमध्ये बॉडीच्या लांबीभर चर असतात. प्रत्येक चरात एक सपाट ट्यूब आणि तिच्यावर रबराची किंवा धातूची पट्टी. कोर कुठेही ठेवला तरी पकड मिळते. एखादी ट्यूब फुटली तर तेवढीच बदलता येते. अरुंद पट्ट्या कापणाऱ्यांना हाच बरा.

लीफ टाइपमध्ये लांब वाकवलेल्या पात्या एकत्र फुगून जवळजवळ पूर्ण गोल तयार करतात. पातळ भिंतीच्या कोरला त्या जपतात, कारण दाब एका बिंदूवर न पडता पसरतो.

टॉर्क कसा काढायचा? पुरवठादार विचारतो आणि आमच्याकडे आकडा नसतो.

कागदाचा एकूण ताण गुणिले रोलची त्रिज्या. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असते. चूक पुढे होते: इमर्जन्सी स्टॉपचा टॉर्क धरलाच जात नाही.

एक उदाहरण पूर्ण सोडवू. रोल १.५ मीटर रुंद, १.२ मीटर व्यासाचा. ताण रुंदीच्या प्रत्येक मीटरला २०० न्यूटन, म्हणजे एकूण ३०० न्यूटन. त्रिज्या ०.६ मीटर. चालू स्थितीतला टॉर्क झाला १८० न्यूटन-मीटर.

आता तोच रोल ३०० मीटर प्रति मिनिट, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने चालला आहे आणि ५ सेकंदांत थांबवायचा आहे. कागदाची घनता ८०० किलो प्रति घनमीटर धरली तर रोलचे वजन सुमारे १३५० किलो येते. कोरचे भोक दुर्लक्षित केले तर जडत्वाचा आकडा वजन गुणिले त्रिज्येचा वर्ग भागिले दोन, म्हणजे सुमारे २४३. फिरण्याचा वेग सेकंदाला ८.३३ रेडियन. तो ५ सेकंदांत शून्यावर आणायला आणखी ४०५ न्यूटन-मीटर लागतात. अनवाइंडचा ब्रेक कागदाचा ताणही राखतो आणि रोलही थांबवतो, म्हणून बेरीज करायची: ५८५ न्यूटन-मीटर. चालू टॉर्कच्या तिपटीहून जास्त.

पुढचा प्रश्न, ब्रेक कुठे आहे? दोन्ही चकांवर असेल तर हा भार वाटला जातो. एकाच बाजूला असेल तर सगळे ५८५ त्या एका चकने आणि कोरच्या त्या एका टोकाने पेलायचे. ऑपरेटर सांगतात की कोर नेहमी ड्राइव्ह साइडलाच खराब होतो. त्यामागे बहुतेक वेळा हेच असते.

तीन इंची कोर चालेल की सहा इंचीच हवा?

वरचाच आकडा घ्या. ५८५ न्यूटन-मीटर तीन इंची कोरच्या आतल्या भिंतीवर, म्हणजे साधारण ०.०३८ मीटर त्रिज्येवर द्यायचे तर भिंतीवर सुमारे १५,४०० न्यूटन बल येते. सहा इंची कोरमध्ये त्रिज्या दुप्पट, म्हणून बल निम्मे, सुमारे ७,७००. शिवाय चक टेकण्याचा घेरही दुप्पट असतो. कोरच्या पुठ्ठ्यावर येणारा ताण एक चतुर्थांश राहतो. जड रोल, जास्त वेग आणि कडक ब्रेकिंग यांपैकी दोन गोष्टी एकत्र असतील तर सहा इंचीकडे वळा. हलक्या, अरुंद रोलांना तीन इंची पुरेसा आहे आणि कोरचा खर्चही कमी.

हवेचा दाब किती ठेवावा?

बहुतेक एअर शाफ्ट आणि हवेवरचे चक ६ ते ७ बारला चालतात. नेमका आकडा शाफ्टच्या टोकावर कोरलेला असतो किंवा बनवणाऱ्याच्या कागदावर असतो, तोच पाळा.

दाब कमी पडला तर काय होते ते हिशोबाने पाहा. २५ बाय ७५ मिमीचा एक लग ६ बारला सुमारे ११२५ न्यूटनने दाबतो. कोरखाली असे १२ लग आले आणि घर्षणांक ०.३ धरला तर तीन इंची कोरवर सुमारे १५४ न्यूटन-मीटर पकड मिळते. दाब ४ बारवर आला की हीच पकड १०३ वर येते. लगवर दाते असतात, ते पुठ्ठ्यात रुततात, त्यामुळे प्रत्यक्ष पकड यापेक्षा जास्त असते. पण प्रमाण तेच राहते: दाब एक तृतीयांश उतरला की पकडही तेवढीच उतरते.

यातून आणखी एक गोष्ट कळते. पकड फक्त कोरखाली आलेल्या लगांची मोजायची. २ मीटरच्या शाफ्टवर ८०० मिमीचा रोल चढवला तर उरलेल्या लगांचा काही उपयोग नाही.

कॉम्प्रेसरच्या गेजवर ७ बार आहे म्हणून मशीनजवळही ७ बार असेलच असे नाही. लांब पाइप, तुंबलेला फिल्टर आणि एकाच लाइनवरची पाच मशीन यांत दीड-दोन बार सहज जातात. एअर गनच्या टोकाला गेज लावून तिथला आकडा बघा.

रोल संपल्यावर कोरच्या आतून पुठ्ठ्याचा चुरा पडतो. कारण काय?

चक किंवा शाफ्ट कोरमध्ये घसरतो आहे. कोर फेकून देऊ नका, तो उभा चिरून आत बघा. सगळे उत्तर तिथे लिहिलेले असते.

पकड चांगली असेल तर लगच्या दात्यांचे छोटे, स्पष्ट, जागच्या जागी उठलेले ठसे दिसतात. घसरण सुरू झालेली असेल तर ठसे घेराच्या दिशेने लांबट होतात आणि त्यांच्या एका टोकाला पुठ्ठ्याची बारीक लव उभी राहते. घसरण पूर्ण झालेली असेल तर आतली भिंत गोल-गोल खरवडलेली, गडद तपकिरी आणि हाताला गुळगुळीत लागते, कारण घर्षणाने पुठ्ठा तापून चकाकतो. त्यापुढची पायरी म्हणजे आतला थर सुटून गुंडाळी होऊन बाहेर येणे.

आता खुणा कुठे आहेत ते बघा. एकाच टोकाला असतील तर ब्रेक एका बाजूला आहे किंवा त्या बाजूचा चक कमी फुगतो आहे. दोन्ही टोकांना पण तोंडापाशी २०-३० मिमीतच असतील तर चक पूर्ण आत गेलेलाच नाही. चकच्या कॉलरवर कोरचे तोंड टेकले पाहिजे. तोंड तिरके कापलेले असेल तर ते एकाच बाजूने टेकते आणि ऑपरेटरला चक आत गेल्यासारखा वाटतो. लांबीभर सगळीकडे खुणा असतील तर दाब कमी आहे किंवा कोरचा आतला व्यास मोठा आहे.

तीन इंची शाफ्ट मिटलेला असताना साधारण ७४ मिमी आणि पूर्ण फुगल्यावर ७८ ते ८० मिमीपर्यंत जातो. कोर ७६ ऐवजी ७८ मिमीचा आला तर लग आपल्या मर्यादेजवळ पोचतात आणि दाबायला जागाच उरत नाही. म्हणून कोरच्या प्रत्येक लॉटमधले काही कोर दोन्ही टोकांना, एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी व्हर्निअरने मोजा. दोन दिशांत मिलिमीटरभर फरक आला तर कोर अंडाकृती झालेला आहे.

पावसाळ्यात हा त्रास का वाढतो?

पुठ्ठ्याचा कोर हवेतले पाणी शोषतो. मऊ पडला की लगचे दाते रुतण्याऐवजी पुठ्ठा फाडतात. भिवंडी, वसई किंवा कोकणपट्टीतल्या शेडमध्ये जून ते सप्टेंबर कोर उघड्यावर ठेवले तर हे होणारच. उलट विदर्भातल्या उन्हाळ्यात कोर वाळून आकसतो आणि शाफ्ट आत जाताना अडतो. तेव्हा शाफ्टवर हातोडा मारला जातो आणि नुकसान शाफ्टचे होते.

कोर फरशीवर ठेवू नका, लाकडी पॅलेटवर ठेवा. प्लॅस्टिकचे आवरण वापरायच्या वेळीच फोडा. आडवे रचून उंच थप्पी लावली तर खालचे कोर अंडाकृती होतात, म्हणून शक्य असेल तिथे उभे ठेवा. पावसाळ्यात एका वेळी कमी माल मागवणे हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

हवा न लागणारा मेकॅनिकल चक पकडतो तरी कसा?

त्याच्या आतल्या गाभ्यावर सपाट किंवा चढणीचे पृष्ठभाग असतात आणि त्यावर जॉ (पकडणारे जबडे) किंवा रोलर बसलेले असतात. कागद रोलला ओढतो, ब्रेक गाभ्याला अडवतो. या ओढाताणीत बाहेरचा भाग गाभ्याच्या मानाने थोडा फिरतो आणि जॉ चढणीवर चढून बाहेर येतात. ताण वाढला की पकड आपोआप वाढते. हवेची लाइन नको, ब्लॅडर नको. कोरुगेशनच्या मिल रोल स्टँडवर हे चक लोकप्रिय आहेत ते याचमुळे.

पण तो दिशेवर चालतो. डाव्या आर्मचा चक उजव्या आर्मवर लावला तर तो पकडणारच नाही. आधी रोल वरून सुटत होता, आता खालून सोडायचा आहे, असे झाले तरी दिशा उलटते. दोन्ही दिशांना पकडणारे मॉडेल मिळते. रोल कधी वरून कधी खालून सोडत असाल तर तेच घ्या.

आणखी एक गोष्ट: मशीन जॉग करताना (थोडे-थोडे चालवताना) किंवा रोल उलटा फिरवताना हा चक सैल होतो. पुन्हा ताण आल्यावर तो जॉ चढेपर्यंत थोडा घसरतो. वारंवार थांबणाऱ्या-सुरू होणाऱ्या मशीनवर कोरचे तोंड खराब होते ते यामुळे. तिथे हवेवरचा चक बरा.

मेकॅनिकल चक कोरमध्ये अडकला, बाहेर येत नाही. काय करू?

क्रेनने ओढू नका, पहारही घालू नका. ब्रेक लावून ठेवा आणि कोर, किंवा उरलेला रोल, कागद सुटण्याच्या दिशेच्या उलट हाताने थोडा फिरवा. जॉ चढणीवरून खाली उतरतात आणि चक सुटतो. तरीही अडकला तर जॉच्या फटीत कागदाचा चुरा आणि ग्रीस मिळून घट्ट लगदा झालेला असतो. चक उघडून साफ करावा लागेल.

एकाच मशीनवर तीन आणि सहा इंची दोन्ही कोर येतात. दर वेळी चक बदलावा लागेल का?

नाही. तीन इंची चक कायम ठेवून त्यावर सहा इंची ॲडाप्टर चढवायची सोय असते. चांगला ॲडाप्टर बायोनेट पद्धतीने, म्हणजे आत ढकलून थोडा फिरवला की अडकतो. ॲलन बोल्टने बसणारे ॲडाप्टर स्वस्त असतात, पण चार बोल्ट काढा-घालायला लागणारा वेळ दिवसातून सहा वेळा मोजला की स्वस्ताई संपते.

ॲडाप्टरमध्ये दोन गोष्टी तपासा. तो फक्त आकार वाढवतो की स्वतःही फुगतो? नुसती स्थिर रिंग असेल तर ती सहा इंची कोरला पकडत नाही, फक्त टेकू देते. दुसरे, बसवल्यावर त्याच्यावर डायल गेज लावून हाताने फिरवा. काटा पाव मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर वेगात रोल थरथरणार.

सेफ्टी चक कधी बदलायचा?

शाफ्टचे चौकोनी टोक ज्या खोबणीत बसते तिथे बदलता येणारे इन्सर्ट असतात. झीज तिथेच होते. रिकामा शाफ्ट बसवून, चक बंद करून, शाफ्ट हाताने पुढे-मागे फिरवा. खडखड ऐकू आली आणि प्ले मिलिमीटरच्या पुढे गेला तर इन्सर्ट बदला. नवे इन्सर्ट आणि झिजलेले चौकोन ही जोडी लावू नका. शाफ्टच्या टोकाच्या कडा गोल झाल्या असतील तर नवे इन्सर्टही थोड्याच दिवसांत झिजतात.

चकच्या सरकत्या भागात कागदाची धूळ बसली की तो पूर्ण बंद होत नाही. हा दोष साधा दिसतो, पण फिरता शाफ्ट बाहेर फेकला जाण्याचा धोका यातच आहे. प्रत्येक वेळी हँडव्हील शेवटपर्यंत गेले की नाही ते डोळ्यांनी बघायचे, अंदाजाने नाही.

शाफ्टमध्ये हवा टिकत नाही. गळती कुठे शोधू?

कोर चढवा, ठरलेल्या दाबापर्यंत हवा भरा, अर्धा तास ठेवा. आधी व्हॉल्ववर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तर व्हॉल्वमधला सील खराब आहे किंवा त्यात कचरा अडकला आहे. निम्म्या वेळा गोष्ट इथेच संपते. नंतर टोकाच्या जोडावर, शेवटी लगच्या फटींवर. लगच्या फटीतून हवा आली तर ब्लॅडर फाटलेला आहे.

ब्लॅडर लवकर जातो याचे एक कारण कॉम्प्रेसरमधून येणारे तेल. नैसर्गिक रबर तेलाने फुगते आणि मऊ पडते. लाइनला फिल्टर हवाच, आणि त्या लाइनवर लुब्रिकेटर असेल तर शाफ्ट भरायचा पॉइंट त्याच्या आधी काढा.

लग शाफ्टचा ब्लॅडर स्वतः बदलता येतो का?

येतो. स्वच्छ टेबल, दोन व्ही-ब्लॉक आणि तासभर वेळ पुरतो.

१. हवा पूर्ण सोडा. व्हॉल्व दाबून धरा आणि सगळे लग खाली बसलेत याची खात्री करा.
२. व्हॉल्व ज्या बाजूला नाही त्या टोकाचा जर्नल (शाफ्टचा टोकाचा तुकडा) खोलण्याआधी बॉडी आणि जर्नल दोन्हींवर खूण करा. तो त्याच कोनात परत बसला पाहिजे.
३. लग आणि त्यांच्या स्प्रिंगा काढून क्रमाने ठेवा. प्रत्येक लग आपल्याच खाचेत घासून बसलेला असतो, अदलाबदल करू नका.
४. जुन्या ब्लॅडरच्या शेपटाला मजबूत दोरी बांधून तो व्हॉल्वच्या बाजूने ओढून काढा. दोरी बॉडीत राहू द्या.
५. बॉडी आतून फुंकून साफ करा आणि प्रत्येक खाचेच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. कुठे धार लागली तर बारीक पॉलिश पेपरने मोडा. ब्लॅडर तिथेच फाटला होता.
६. नव्या ब्लॅडरला टाल्कम पावडर लावा, दोरीला बांधा, पीळ न पडू देता ओढून घ्या.
७. लग, स्प्रिंग, जर्नल बसवा. वर कोर चढवा, मगच हवा भरा. आधी १ बार, सगळे लग समान उठतात का बघा, मग पूर्ण दाब.

सगळ्यात जास्त घाई सहाव्या पायरीला होते. पीळ पडलेला ब्लॅडर एका बाजूचे लग कमी उचलतो. ते लगेच कळत नाही, पण रोल केंद्राबाहेर फिरायला लागतो.

रिकामा शाफ्ट फुगवून बघितला तर बिघडेल का?

हो, बिघडू शकतो. कोर नसताना लग शेवटपर्यंत बाहेर येतात, ब्लॅडर खाचांमधून वर फुगतो आणि कडेवर कापला जातो. तपासायचे असेल तर एक जुना, योग्य व्यासाचा कोर या कामासाठी बाजूला ठेवा.

रोल एका ठराविक वेगाला थरथरतो. चक खराब आहे का?

आधी रोलकडे बघा. गोडाउनमध्ये आडवा पडून चपटा झालेला रोल कोणत्याही चकवर थरथरणारच. रोल बदलून थरथर गेली तर चक निर्दोष.

रोल कोणताही असो, थरथर प्रत्येक फेऱ्याला एकदा येत असेल तर दोन्ही आर्म एका रेषेत आहेत का तपासा. सरळ जाड पाइप दोन्ही चकांत पकडून त्यावर डायल गेज फिरवा. एका आर्मचे पिन-बुश झिजलेले असतील तर वजन आल्यावरच आर्म खाली बसतो, म्हणून रिकाम्या आर्मवर घेतलेले माप फसवे असते. रोल संपत आल्यावर थरथर वाढत असेल तर कोर ताठ नाही: व्यास कमी होतो, फेरे वाढतात आणि कोर स्वतःच धनुष्यासारखा वाकतो.

पेपर मिलच्या टू-ड्रम वाइंडरवरच्या चकलाही हेच सगळे लागू आहे का?

नाही. तिथे रोल दोन ड्रमवर बसून त्यांच्या घर्षणाने फिरतो. टॉर्क ड्रम देतात, चक फक्त दोन टोकांनी कोरांची रांग धरून ठेवतात. तिथे महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोरांची एकूण लांबी आणि बाजूचा दाब. रांगेत पाच कोर आहेत आणि प्रत्येक २ मिमी आखूड कापलेला आहे, तर एकूण १ सेंटिमीटर कमी पडतो आणि कोर सैल राहून रोल एकमेकांत घुसतात. उलट दाब जास्त दिला तर रांग मधोमध वर उचलली जाते.

रिवाइंडला काही पट्ट्या घट्ट, काही सैल गुंडाळल्या जातात. शाफ्ट बदलून फरक पडेल?

पडेल, डिफरेन्शियल शाफ्ट घेतलात तर. कागदाची जाडी डेकलभर, म्हणजे पूर्ण रुंदीत, सारखी नसते. थोडी जाड पट्टी लवकर मोठी होते आणि सगळा ताण स्वतःकडे ओढते. डिफरेन्शियल शाफ्टवर प्रत्येक कोरखालची रिंग ठरवलेल्या टॉर्कला घसरते, त्यामुळे प्रत्येक पट्टीला आपापला ताण मिळतो. मात्र त्या रिंगांना धूळ चालत नाही, आणि रिंग व कोरच्या रुंदीचा मेळ आधी बसवावा लागतो. पट्ट्या कमी आणि रुंद असतील तर हा खर्च करू नका.

रोज काय बघायचे? तेल-ग्रीस किती?

शिफ्ट सुरू होताना शाफ्ट कोरड्या कापडाने पुसा, फटी हवेने फुंका, सगळे लग हाताने दाबून परत उसळतात का पाहा. लगला तेल लावू नका. तेलात धूळ मिसळून लगदा होतो आणि लग बाहेर आला की बाहेरच राहतो. मेकॅनिकल चकच्या निपलला ग्रीसगनचे एक-दोन स्ट्रोक पुरतात, जादा आलेले ग्रीस पुसून घ्या, नाहीतर ते कोरवर लागून पकड घालवते.

रोल काढताना हवा आधी सोडायची की क्रेनचा पट्टा आधी लावायचा?

शाफ्टवर आणि चकवर उत्तर वेगळे आहे. चकवर हवा सोडली की रोलला धरणारे काही उरत नाही, म्हणून आधी खालचे टेबल वर आणा किंवा पट्टा लावून रोलचे वजन त्यावर घ्या, मगच हवा सोडा. शाफ्टवर मात्र शाफ्टसकट रोल खाली उतरवा, दोन्ही बाजूंना पाचर लावा, नंतर हवा सोडून शाफ्ट ओढा. हवा भरताना व्हॉल्वच्या समोर उभे राहू नका, बाजूला उभे राहा. चकचे व्हॉल्व रोल फिरत असताना उघडणारच नाहीत असा इंटरलॉक नसेल तर तो बसवून घ्या. हा खर्च टाळण्यासारखा नाही.

जुन्या मशीनवर नवा चक बसवता येतो का, आणि ऑर्डर देताना काय कळवायचे?

बहुतेक वेळा येतो. अडचण असते ती आर्मच्या बेअरिंग हाउसिंगची आणि हवा आत न्यायला रोटरी युनियनची जागा मिळते का याची. भरीव स्पिंडल असेल तर त्यातून भोक पाडून हवा नेण्यापेक्षा मेकॅनिकल चक सोपा.

पुरवठादाराला हे लिहून द्या: कोरचा मोजलेला आतला व्यास, सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा दोन्ही, कोरच्या भिंतीची जाडी, रोलचा जास्तीत जास्त व्यास, रुंदी आणि वजन, सगळ्यात अरुंद रोलची रुंदी, ताण, वेग, इमर्जन्सी स्टॉपला लागणारे सेकंद, ब्रेक एका बाजूला की दोन्ही, रोल वरून सुटतो की खालून, मशीनजवळ मोजलेला हवेचा दाब, आणि सध्याच्या स्पिंडलचे किंवा जर्नलचे मापासह रेखाचित्र. शक्य झाल्यास वापरून झालेला, चिरलेला एक कोरही सोबत पाठवा. त्यावरचे ठसे बघून चांगला चक बनवणारा तुमच्या मशीनबद्दल पुष्कळ काही ओळखतो.